गारठ्यात सूर उतरतो

चिचगड,
९ जानेवारी २०२५

चंद्रकुमार यांना,

वर 'प्रिय' नाही, ते विसरले म्हणून नाही.

फोन करू नका. माझा बंद आहे, आणि मायचा वाजला तर मी तिला उचलू देत नाही. जे सांगायचं ते कागदावर लिहा आणि पोस्टात टाका. आज इथल्या पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला पोरगा हसला. म्हणाला, "मॅडम, व्हॉट्सॲप बंद पडलं का जी?" हसू द्या त्याला. फोनमधून येणाऱ्या आवाजावर माझा भरोसा राहिला नाही. का राहिला नाही, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. पण ते मलाही कळलं आहे, हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. म्हणून हे पत्र.

मायला वाटते, नवराबायकोचं काहीतरी वाजलं. सकाळी चहा पिता पिता म्हणते, "काऊन वो दुर्गे, माहा पाय मोडला होता तं डिसेंबरभर इथं राहिली, रोज संध्याकाळी स्लॅबवर चढून जवाईले फोन लावे. आता तो लावून राहिला तं तू उचलत नाही. कायले रुसली?"

मी म्हटलं, "मासा मेला."

"बाप्पा! माशासाठी कोणी नवरा सोडते का!"

नाही सोडत. तेवढी अक्कल मला आहे. काळू शेवटी नागपूरच्या मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेला वीतभर मासा होता, काळा कुळकुळीत, शेपटीवर दोन पांढरे पट्टे. माझ्या पीएच.डी.चा मासा, पण मासाच. मासे मरतात. तुमच्या हातून मेला असता आणि तुम्ही त्याच दिवशी फोनवर म्हटलं असतं, "दुर्गा, माझ्या हातून मेला," तर मी रडले असते, चिडले असते, दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नसते. मग दुसरा मासा आणला असता आणि काम पहिल्यापासून सुरू केलं असतं. एवढंच झालं असतं जी.

मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. काळू कधी मेला? मला तारीख पाहिजे.

आपण नागपूरच्या सेमिनारहून संध्याकाळच्या गाडीने गोंदियाला उतरलो. मी इथूनच परस्पर नागपूरला आले होते, म्हणून घर महिनाभराने पाहत होते. ऑटोतून घरी आलो. कुलूप तुम्ही उघडलं, आत तुम्ही आधी गेलात, आणि लाईट लावायच्या आधी अंधारातूनच म्हणालात, "दुर्गा, मासा गेला वाटते." टाकी दिसत नव्हती, तरी मासा गेल्याचं तुम्हाला दिसलं. मी आत धावले तर म्हणालात, "तू पाहू नको, मी उचलतो." मी तशीच दारात बसले, नागपूरची साडी अंगावर, आणि रडले. तुम्ही पेपरात गुंडाळून काहीतरी परसात घेऊन गेलात, कडुलिंबाखाली पुरून आलात, हात धुतले आणि माझ्या डोक्यावर ठेवले.

तारीख कशाला पाहिजे, म्हणाल. भरल्या हॉलसमोर उभं राहून मी सांगितलं आहे की या माशाच्या विजेच्या पेशींबद्दल मला एक नवी गोष्ट सापडली. माझे गाईड योगराज सर फेब्रुवारीत ते छापायला पाठवणार. त्यातलं किती खरं आणि किती नाही, ते त्या तारखेवर ठरते. माझ्या नावाने खोटं छापून आलं तर मी आयुष्यभर तासिकेवरची मास्तरीण राहीन, कदाचित तीही राहणार नाही.

आणखीही एक गोष्ट त्या तारखेवर ठरते. ती मी आज लिहीत नाही.

लग्न ठरलं तेव्हा मी मैत्रिणींना कौतुकाने सांगे, माझा नवरा कधी वाद घालत नाही, कशालाही म्हणतो, "तू म्हणशील तसं." आता मी म्हणते आहे, तारीख लिहा. तर लिहा.

दुर्गेश्वरी


चिचगड,
१६ जानेवारी

चंद्रकुमार यांना,

पत्र मिळालं. चार पानं. माझी आठवण येते, भात कच्चा राहतो, मामाजी विचारतात सून कधी येईल, दुकानात माझ्याशिवाय मन लागत नाही. बियाण्याचं आणि खताचं दुकान माझ्यावाचून कधीपासून अडायला लागलं? आणि चौथ्या पानाच्या तळाशी एक ओळ: "मासा आपण नागपूरला होतो त्याच दिवशी गेला असेल."

'असेल' म्हणे!

बरं. आता मी काय काय पाहिलं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दुकानात गेलात तेव्हा मी कडुलिंबाखाली खुरपं घेऊन बसले. वाईट वाटत होतंच, पण माझं काम असं आहे की रडून झालं की शेपटी फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी लागते, पेशी पाहाव्या लागतात. उकरलं. पेपर निघाला, छान चौकोनी घडी घातलेला. उघडला. आत काही नव्हतं. तुम्ही रिकामा पेपर पुरला होता, आणि त्यावर माती नीट थापली होती, वरून एक वीट पण ठेवली होती कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. मी तिथेच मातीत बसून हसले. शेजारच्या प्रेमिलाताई कुंपणावरून विचारत होत्या, काय झालं.

मग मी टाकीजवळ गेले. काचेवर पाण्याच्या रेघेला पांढरी खार धरली होती. बोट लावलं, जिभेला लावलं. खारट. फिल्टरचा स्पंज पिळला तर त्यात धानाचे पोचे सापडले. मी शेतकऱ्याचीच पोरगी आहे जी. उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकायच्या आधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात, भरलेला दाणा बुडतो, पोचा वर तरंगतो, हे मला कोणी शिकवायला नको. माझ्या टाकीत तुमचं बियाण्याचं पाणी गेलं होतं.

मी तुम्हाला निघताना सांगितलं होतं, पाणी कमी झालं तर मागच्या पडवीत मी बादल्या भरून ठेवते, त्या शिळ्या पाण्याच्याच टाका, नळाचं टाकू नका. तुम्ही "तू म्हणशील तसं" म्हटलं आणि कुठल्या बादल्या ते पाहिलं नाही.

तीन वर्षं ती टाकी आपल्या समोरच्या खोलीत होती. पाण्यात दोन तारा सोडून स्पीकरला जोडल्या की काळूची वीज ऐकू यायची, एकसारखा बारीक सूर, तंबोऱ्याची एकच तार कोणी न थांबता छेडावी तसा. तुम्ही येईल त्या गिऱ्हाइकाला घरी आणून तो सूर ऐकवायचे, बायकोचा मासा गातो म्हणून. पण तो का गातो, हे मी सांगायला लागले की तुम्हाला जांभया यायच्या. आता वाचा. आता जांभई आली तरी मला दिसणार नाही.

त्याच्या पोटाखालून शेपटीपर्यंत विजेच्या पेशी रांगेने लागलेल्या असतात. पेशीच्या आत सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. बाहेर उलटं. सोडियम म्हणजे तुमच्या मिठातलंच. एका क्षणी पेशीची दारं उघडतात, बाहेरचं सोडियम धावत आत शिरते, आणि तेवढ्यात वीज निघते. एका पेशीची अगदी जराशी. पण टॉर्चमध्ये एकामागे एक सेल घालतो तशा त्या लागलेल्या असतात आणि सगळ्या एकाच वेळी सुटतात. त्याने माशाभोवती विजेचा घेर होतो. गढूळ पाण्यात, अंधारात, तो त्या घेरावरून ओळखतो समोर दगड आहे की किडा.

आता आत आलेलं सोडियम तसंच राहिलं तर पेशी मेली. म्हणून ती उपसते. तीन सोडियम बाहेर टाकायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे. पुन्हा तीन, पुन्हा दोन. धानाच्या बांधीत नको तेवढं पाणी भरलं की तुम्ही मोटर लावता ना, तसं. काळूची दारं सेकंदाला आठ-नऊशे वेळा उघडत आणि त्याचे पंप तेवढंच उपसत. झोपला तरी, उपाशी असला तरी. खाल्लेल्यातलं कितीतरी त्या उपसण्यातच जायचं. थांबला तर आंधळा होईल म्हणून थांबायचा नाही.

आणि हे सगळं गोड्या पाण्यातलं जीवन. त्याचं अंग पाण्यातून कणाकणाने मीठ गोळा करायला बनलेलं. त्याला एकाएकी मिठाच्या पाण्यात टाकलं की मीठ आत शिरतच राहते आणि अंगातलं पाणी बाहेर जातच राहते. पंप बिचारे किती उपसतील? त्यात खारं पाणी वीज पळवून नेते, घेर उभाच राहत नाही. थंडीने आधीच मंदावलेला तो. किती वेळ तडफडला असेल, ते तुम्हीच पाहिलं आहे.

खरा मासा कुठे टाकला ते विचारणार नाही. तारीख विचारते आहे.

दुर्गेश्वरी


चिचगड,
२३ जानेवारी

चंद्रकुमार यांना,

या वेळी निदान बादल्यांचं कबूल केलंत. मामाजींनी बियाण्याचं पाणी दोन बादल्यांत काढून पडवीत ठेवलं होतं, पुन्हा वापरू म्हणून, आणि तुम्ही तेच ओतलं. चूक झाली. चूक कोणाचीही होते. मी मामाजींना एक शब्द बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका.

पण तुमच्या पत्रातली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. लिहिलंत, "पाणी टाकल्यावर त्याचा आवाज बारीक झाला म्हणून मी स्पीकर मोठा केला." अहो! तो पाण्यात मरून राहिला होता आणि तुम्ही आवाज वाढवून राहिले होते. त्या वेळी मला फोन केला असता तर मी ओरडून सांगितलं असतं, काढा त्याला, दुसऱ्या पाण्यात टाका. माझा फोन तेव्हा चालू होता. तेव्हा तर मी तुमचा फोन यायची वाट पाहत स्लॅबवर उभी राहायची, कारण खाली रेंज येत नाही.

तारखेबद्दल लिहिता, "नक्की आठवत नाही, सेमिनारच्या दोनचार दिवस आधी असेल." पुन्हा 'असेल'.

आठवत नसेल तर मी आठवण देते. मी गोंदियाहून निघाले तेव्हा टाकीचं पाणी कोमट होतं. ठरलं होतं की तुम्ही हीटर थोडा थोडा उतरवायचा, रोज संध्याकाळी मला थर्मामीटर वाचून दाखवायचा आणि फोन स्पीकरजवळ धरायचा. मी माझ्या फोनवर ऐकायची आणि मायच्या फोनमधल्या सूर मोजायच्या ॲपने सूर मोजायची. पाणी जसं गार, तशी दारं आणि पंप मंद, तसा सूर खाली. पहिले काही दिवस अगदी तसंच झालं. तुम्ही आकडा सांगा, सूर उतरलेला. मग एका संध्याकाळी तुम्ही आणखी गार आकडा सांगितला, फोन धरला, आणि सूर वर! थेट पहिल्या दिवसाच्या जागेवर! मी स्लॅबवरून एवढ्या जोरात ओरडले की माय प्लॅस्टरचा पाय घेऊन अंथरुणात उठून बसली. तुम्हाला म्हटलं, "अहो, तो सावरला! गारठ्यात त्याने नवे पंप लावले!" तुम्ही म्हणालात, "वा!" फक्त वा. त्यानंतर रोज पाणी गार आणि सूर जागच्या जागी. ते माझं संशोधन. त्याच्यावर मी नागपूरला टाळ्या घेतल्या.

काळू सावरला असं मला वाटलं, त्या दिवशी तो मेलेला होता, हे आता मला माहीत आहे.

कसं माहीत, तेही सांगते. घरून निघताना मी फोनवरचे ते सगळे कॉल पुन्हा ऐकले. रेकॉर्ड केलेले होते, मोजमापासाठी. सूर वर आल्यापासूनच्या प्रत्येक कॉलमध्ये पाठीमागे कुकरची शिट्टी आहे. एक लांब, आणि मग एक अर्धवट, दाबल्यासारखी. रोज तीच. डिसेंबरमध्ये मी ती ऐकून खूश व्हायची. मायला सांगायची, "पाहा, तुझा जवाई माझ्यामागे स्वतः भात लावतो." माय म्हणायची, "गुणाचा आहे पोरगा." आणि तो कुकर माझा होता जी. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी भात लावला होता, दुसऱ्या शिट्टीला गॅस बंद केला होता. तुम्ही त्या वेळी समोरच्या खोलीत काळूचा सूर दुकानाच्या मोबाईलवर भरून घेत होता, गिऱ्हाइकांना दुकानातच ऐकवता यावा म्हणून. मीच म्हटलं होतं, घ्या भरून.

तोच तुम्ही मला रोज ऐकवला. थर्मामीटर मात्र रोज खरा वाचला. मासा नसलेल्या टाकीसमोर उभं राहून पाण्याचा खरा आकडा सांगायचा आणि मग दुकानाचा मोबाईल लावायचा. हे कसं जमलं तुम्हाला? मला समजतच नाही. खोटंच बोलायचं तर आकडाही खोटा सांगायचा ना! ते दोन्ही एकमेकांशी जुळले नाहीत म्हणूनच तर मला वाटलं, काहीतरी नवीन सापडलं.

पहिल्या दिवशी तुम्हाला भीती वाटली असेल. मायचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, हिला आज कशाला सांगायचं, असं वाटलं असेल. तो एक दिवस मी तुम्हाला माफ करते. पण मी ओरडले तेव्हा? मी स्लाईडा करत होते आणि तुम्ही फोनवर विचारलं, "रंग कोणता देते?" तेव्हा? हॉलमध्ये तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात, नवा शर्ट घालून. मी स्टेजवरून उतरले तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ तुम्ही टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईंना सांगितलंत, "मिसेस आहेत." टाळ्या वाजवणाऱ्यांत मासा मेलेला आहे हे माहीत असलेले तुम्ही एकटेच होते. अख्ख्या हॉलसमोर तुम्ही माझी फजिती होऊ दिली, आणि ती फजिती आहे हे मलाही कळू दिलं नाही.

आणखी एक. एका संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं होतं की माय आता पहिल्यासारखी चालणार नाही असं वाटते, मला रात्रभर भीती वाटते. तुमच्याकडून काही आलं नाही, नुसता सूर. मला वाटलं, हा माणूस शांतपणे ऐकून राहिला. तुम्ही होता का तिथे? की एक मोबाईल दुसऱ्याजवळ ठेवून बाहेर गेला होतात?

तारीख लिहा.

दुर्गेश्वरी


चिचगड,
३० जानेवारी

चंद्रकुमार यांना,

तुमचं तिसरं पत्र वाचलं. "तू म्हणशील ती तारीख मला मान्य आहे. तू म्हणशील तसं योगराज सरांना मी स्वतः सांगतो. तू फक्त घरी ये."

योगराज सरांना सांगायची गरज नाही. मी सोमवारी नागपूरला जाऊन आले. सगळं सांगितलं, कुकरच्या शिट्टीसकट. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "एकाच माशावर भरोसा ठेवला, यात माझीही चूक आहे." सेमिनारवाल्यांना मी माझ्या सहीने लिहून दिलं की माझं सादरीकरण मागे घेते, मोजमापात मासा जिवंत नव्हता. तिथल्या क्लार्कने ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांत सगळ्या विद्यापीठात माझं नाव होईल, मेलेल्या माशाचं गाणं ऐकणारी बाई म्हणून. होऊ द्या. निदान ते खरं आहे.

सर म्हणाले, मासा जिवंत असतानाचे आकडे खरे आहेत, ते फेकू नको. म्हणून तारखेचं काम अजून आहे.

तुम्हाला आठवत नाही, तर मीच हिशेब लावला. पंचवीस डिसेंबर. बरोबर आहे का? फार लिहू नका. हो किंवा नाही.

माय आता काठी घेऊन अंगणात येते. तुम्हाला सांगायला सांगितलं आहे, म्हणून लिहिलं.

दुर्गेश्वरी


चिचगड,
८ फेब्रुवारी

चंद्रकुमार यांना,

तुमचं पत्र काल आलं. मी हो किंवा नाही मागितलं होतं, तुम्ही पानभर लिहिलं. "हो दुर्गा, पंचवीसच. तू बरोबर ओळखलं. आता मला सगळं आठवलं. नाताळची सुट्टी होती, दुकान बंद होतं, बाबा सकाळीच म्हणाले की आज बियाणं मिठाच्या पाण्यातून काढून घेऊ. दुपारी मी पाणी टाकलं. आता माझ्या मनावरचं ओझं उतरलं. यापुढे कधी खोटं बोलणार नाही, काळूची शपथ."

काळू सतरा डिसेंबरला मेला.

मला ते पहिल्या पत्राच्या आधीपासून माहीत होतं. सूर वर आला तो दिवस सतरा डिसेंबर. माझ्या स्लाईडवर तो लाल रंगाने लिहिला होता, हातभर मोठा. रंग कोणता ते तुम्हीच विचारलं होतं. पहिल्या रांगेत बसून तुम्ही तोच आकडा पाहत टाळ्या वाजवल्या. आणि पंचवीसला तर बियाणं काढायचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी सकाळी मामाजींनी मला पऱ्ह्यांचा फोटो पाठवला होता, हिरवेगार उगवलेले, बोटभर उंच. खाली लिहिलं होतं, "सूनबाई, लवकर ये." तो फोटो अजून आहे माझ्याकडे.

पंचवीस तारीख मी मुद्दाम चुकीची लिहिली. मला पाहायचं होतं, तुम्ही मला थांबवता का. "नाही दुर्गा, पंचवीस नाही, त्याच्या कितीतरी आधी" एवढं लिहिलं असतं, तर मी आज गोंदियाच्या बसमध्ये असते. खरं सांगते. पिशवी भरून ठेवली होती. मायने लाडू बांधून दिले होते तुमच्यासाठी. सतरा तारीख आठवली नसती तरी चाललं असतं, "मला माहीत नाही" लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मी एक खोटं वाजवलं आणि तुम्ही तेच मला परत ऐकवलं, वरून नाताळची सुट्टी लावून, मामाजींना त्यात ओढून. डिसेंबरमध्ये माझ्याच कुकरची शिट्टी मला ऐकवली, आता माझीच तारीख.

तुम्ही वाईट माणूस नाही. हे मी मायलाही सांगितलं. तुम्ही मला कधी मारलं नाही, कधी घालून पाडून बोलला नाहीत. समोरच्याला जे आवडेल ते तुम्ही बोलता, एवढंच. गिऱ्हाइकाला, मामाजींना, मला. मी इतकी वर्षं त्याला प्रेम समजले. आता मला कळत नाही की त्यातलं काय तुमचं होतं. मी रोज आठवते, हे तरी तो मनापासून म्हणाला असेल, ते तरी असेल, आणि प्रत्येकापुढे 'असेल' लागते. हे उपसत बसायची माझ्यात ताकद नाही जी. माझं बाकीचं काम पडलं आहे.

मंगळवारी मी नागपूरला जाते. योगराज सरांनी प्रयोगशाळेत टाकी दिली आहे, त्यात दुसरा मासा आला आहे. अजून नाव ठेवलं नाही. परवा जाऊन तारा लावून आले, पाणी एक अंश गार केलं आणि तिथेच स्टूल घेऊन बसले. सूर उतरला. सरांनी विचारलं, काही विशेष? मी म्हटलं, नाही सर, उतरायलाच पाहिजे.

मायच्या लाडवांचा डबा पोस्टाने पाठवते, तिने मायेने केले आहेत, खाऊन घ्या. माझ्या साड्या प्रेमिलाताईंकडे द्या, त्यांची मुलगी नागपूरला येते. टाकी, स्पीकर, तारा, काय करायचं ते करा. फक्त टाकीला लावलेला तो थर्मामीटर मला पाठवा. नीट गुंडाळून, कापसात. त्या घरात मला रोज खरं सांगणारा तेवढाच होता.

दुर्गेश्वरी